खाशाबांचे पाय

महाडहून रायगडाकडे निघाले की वाटेत नाते लागते. पोलीस भरतीचे दिवस जवळ आले की अशा गावांच्या रस्त्यांवर उजाडायच्या आत पोरे पळताना दिसतात. भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि १०० मीटर अशा दोन शर्यती पळाव्या लागतात, मुलींना ८०० आणि १०० मीटर. शिवाय गोळाफेक. तयारी मात्र बहुतेकांची एकाच तऱ्हेची असते. रोज चार-पाच किलोमीटर एका लयीत पळायचे, दोनशे-अडीचशे बैठका मारायच्या, आणि मांडी भरली म्हणजे वेग येणारच असे धरून चालायचे. प्रत्यक्षात लांबच्या शर्यतीत दम टिकतो, पण १०० मीटरला पाय जड पडतात. संध्याकाळी फुटबॉल खेळणाऱ्या मुलांचीही तक्रार याच जातीची असते. दिवसभर पळायला सांगा, पळतील. पण सुटलेल्या चेंडूपर्यंत पहिल्यांदा पोचतो तो समोरचाच.

पायात बळ आहे, दम आहे, मग वेग कुठे जातो? याचे उत्तर समजून घ्यायला एका पैलवानाचे आयुष्य उपयोगी पडते. या पैलवानानेही पुढे पोलिसाची वर्दी घातली होती. नाव खाशाबा दादासाहेब जाधव.

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर आणि सातारा मागे टाकले की कराड येते. कराडला लागूनच गोळेश्वर हे गाव आहे. तिथे १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, पाच मुलगे, त्यांत खाशाबा सर्वांत धाकटे. घरातले बोलणे कुस्तीचे, गावातला मोठेपणा कुस्तीचा, आणि जत्रेतल्या फडात कोणाची जोड कोणाशी लागली हा चर्चेचा विषय. अशा घरातले पोर चालायला लागले की मातीत उतरते. खाशाबांनाही पहिले धडे वडिलांनीच दिले. कुस्तीखेरीज पळणे, पोहणे, मल्लखांब, वजन उचलणे असे सगळे प्रकार त्यांनी लहानपणी केले. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात झाले.

तालमीतला व्यायाम म्हणजे मुख्यतः जोर आणि बैठका. खाशाबा एका दमात शेकड्यांनी जोर आणि हजाराच्या घरात बैठका काढत असे त्यांच्याविषयी सांगतात. आकडा थोडा इकडे-तिकडे असेल, पण त्या काळच्या कोणत्याही नेटक्या तालमीत हे अशक्य मानले जात नसे.

बैठक दिसायला साधी. टाचा उचलून चवड्यांवर खाली बसायचे, हात झोकाने मागेपुढे न्यायचे आणि उठायचे. खाली जाताना मांडीचे पुढचे स्नायू लांबत असतानाच अंगाचा भार धरून ठेवतात, वर येताना तेच स्नायू आखडून तो भार उचलतात. नितंबाचे स्नायू आणि पोटऱ्या सोबतीला असतात. नव्याने बैठका सुरू केलेल्या मुलाला दोन-तीन आठवड्यांतच पायांत बळ आल्यासारखे वाटते. ते खरेही असते, पण तेवढ्यात स्नायू फारसा वाढलेला नसतो. मेंदू आणि मज्जातंतू आहे त्याच स्नायूला जास्त चांगल्या रीतीने कामाला लावायला शिकलेले असतात. स्नायूची जाडी त्यानंतर, महिन्या-दोन महिन्यांत वाढते. पुढे अंगावरचे ओझे तेच आणि फक्त बैठकांची संख्या वाढत गेली, तर बळ एका जागी थांबते आणि वाढत राहतो तो दम. हजार बैठका काढणाऱ्याच्या पायात हजारदा उठायची चिकाटी आलेली असते. एकदाच, पण विजेसारखे उठायची कुवत ही वेगळी गोष्ट आहे.

ही वेगळी गोष्ट म्हणजे शाळेच्या पुस्तकात जिला शक्ती म्हणतात ती. बळ गुणिले वेग म्हणजे शक्ती. शाळेचा एक मजल्याचा जिना घ्या. उंची तीन मीटर धरू. ६० किलो वजनाचा मुलगा तो रमतगमत बारा सेकंदांत चढला, तर त्याच्या पायांनी सुमारे १४७ वॉट शक्ती लावली. तोच मुलगा तीन सेकंदांत चढला, तर ५८८ वॉट, म्हणजे पाऊण अश्वशक्तीहून थोडी जास्तच. काम तेच, उंची तीच, पायही तेच. फरक पडला तो वेळेचा. इटलीचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ रोडोल्फो मार्गारिया यांनी १९६६ मध्ये पायांची शक्ती मोजायची जी पद्धत रूढ केली, ती अशीच जिना पळत चढायची होती. रायगडाच्या पायऱ्या अख्ख्या चढून जाणे ही दमाची परीक्षा. त्यातल्या दहाच पायऱ्या झपाट्याने चढणे ही शक्तीची.

यातली मेख इंग्लंडच्या आर्चिबाल्ड व्हिव्हियन हिल यांनी १९३८ मध्ये बेडकाच्या स्नायूवर प्रयोग करून दाखवली. ओझे जितके जड, तितका स्नायू हळू आखडतो. ओझे जितके हलके, तितका झटपट. बैलगाडीचा अनुभव असलेल्याला हे नवे वाटणार नाही. अगदी जड ओझ्याला बळ पुरेपूर लागते पण वेग नसतो. रिकाम्या हालचालीला वेग असतो पण बळ नसते. शक्ती सर्वांत जास्त मिळते ती मधल्या टप्प्यात, स्नायूच्या कमाल वेगाच्या साधारण एक तृतीयांश वेगावर. म्हणून नुसते जड ओझे उचलून किंवा नुसते पळून पुरत नाही. बळ वाढवायचे आणि ते झटक्यात वापरायचीही सवय लावायची, असे दुहेरी काम असते.

तालमीला हिल यांचा सिद्धान्त माहीत नव्हता, पण कुस्तीत हे दुसरे काम आपोआप होत असे. पट काढायला पैलवान आत शिरतो तेव्हा मागच्या पायाचा जो रेटा लागतो तो अर्ध्या सेकंदाच्या आतला खेळ असतो. समोरच्याचे अख्खे वजन घेऊन उसळायचे, आणि तेही त्याला सावरायला वेळ न देता. खाशाबांचा हुकमी डाव ढाक. समोरच्याला कवळीत धरून, स्वतःला वळवत, त्याला उचलून जमिनीवर आणायचे. बघणाऱ्याचे लक्ष हातांकडे जाते. डाव उठतो तो कमरेतून आणि पायांतून. मल्लखांबावरची उडी, पळणे आणि पोहणे यांची भर पडल्यामुळे त्यांच्या पायांना एकाच लयीची सवय लागली नाही. नाहीतर बैठकांचा हजाराचा आकडा ही फुशारकीची गोष्ट होऊन बसते, आणि बऱ्याच तालमींत ती तशी होऊन बसलेलीही होती.

खाशाबा उंचीने बेताचे आणि अंगाने लहान होते. ५२ आणि ५७ किलोच्या गटांत ते लढले. पैलवान म्हटला की आडवा-उभा देह डोळ्यांसमोर येतो, त्यामुळे असा मुलगा मैदानात उतरला की लोकांना गंमत वाटे. शरीरशास्त्राचा हिशेब मात्र लहान अंगाच्या बाजूने झुकतो. स्नायूचे बळ त्याच्या जाडीवर, म्हणजे छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते. वजन मात्र आकारमानावर. शरीर मोठे होत जाते तसे वजन बळाच्या पुढे निघून जाते. म्हणून किलोमागे बळ पाहिले तर लहान चणीचे लोक वरचढ ठरतात आणि चटकन वेग घेतात. फुटबॉलमध्येही पहिल्या चार पावलांत पुढे निसटणारा खेळाडू पुष्कळदा संघातला सर्वांत धिप्पाड नसतो. अर्थात सगळाच हिशेब आकाराचा नसतो. प्रत्येक स्नायूत संथ आणि चपळ असे दोन्ही तऱ्हेचे तंतू असतात आणि त्यांचे प्रमाण बरेचसे जन्मतः ठरलेले असते. सरावाने ते मर्यादेतच सरकते. वडील पैलवान असण्याचा फायदा खाशाबांना तालमीत मिळाला तसा रक्तातूनही मिळाला असणार.

पुढच्या शिक्षणासाठी ते कोल्हापूरला राजाराम कॉलेजात आले. कोल्हापूर हे त्या काळी कुस्तीचे माहेरघर होतेच. आज त्याच शहराला फुटबॉलचे वेड आहे, आणि गंमत अशी की तिथल्या फुटबॉल संघांच्या नावांतही तालीमच असते: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. पेठांमधल्या तालमींनीच चेंडू उचलला. हे नाते नावापुरते समजायचे कारण नाही. नॉर्वेतल्या रोझेनबोर्ग या नामांकित क्लबच्या १७ फुटबॉलपटूंची पाहणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. खांद्यावर वजन घेऊन अर्ध्या बैठकीतून उठायची ज्यांची कुवत जास्त, ते पहिले दहा मीटर झपाट्याने पळतात आणि उंच उडीही मारतात, असे तिच्यात स्पष्ट दिसले. तीस मीटरपर्यंतही हा संबंध टिकला, पण सैलावला. खेळाडू अवघे १७, त्यामुळे त्यावरून फार मोठी इमारत बांधू नये. तरी दिशा पटण्यासारखी आहे. उभ्या जागेवरून निघताना पाय जमिनीवर जास्त वेळ टेकलेला असतो, रेटा द्यायला वाव असतो, तिथे बळ कामी येते. वेग चढल्यावर पाय जमिनीला क्षणभरच लागतो. तिथे बळ किती आहे यापेक्षा ते किती लवकर निघते याला किंमत असते. फुटबॉलमध्ये बहुतेक धावा दहा-वीस मीटरच्याच असतात. म्हणजे पैलवानाचा पट आणि फुटबॉलपटूची पहिली चार पावले ही एकाच कुळातली.

कोल्हापुरात बाबुराव बलवडे आणि बेलापुरी गुरुजी यांच्या हाताखाली खाशाबा तयार झाले आणि १९४८ मध्ये लंडनच्या ऑलिंपिकला गेले. खर्चाचा मोठा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. लंडनमध्ये त्यांच्यापुढे पहिली अडचण उभी राहिली ती पायांखालचीच. जन्म मातीत गेलेला, आणि तिथे कुस्ती गादीवर.

तांबडी माती पायाला धरते. तळवा थोडा रुततो, बोटे माती पकडतात, आणि रेटा देताना सरकायला थोडी जागा मिळते. गादी दबते आणि परत उसळते, आणि बूट घातलेला पाय तिच्यावर एकदम अडकतो. पायाने दिलेला रेटा जमिनीने त्याच मापाने परत दिला तरच शरीर पुढे जाते. जमीन बदलली की तोच रेटा वेगळ्या वेळी, वेगळ्या कोनात परत येतो, आणि वर्षानुवर्षे घटवलेला डाव अर्ध्या पावलाने चुकतो. घोट्याला आणि गुडघ्याला हे आधी कळते, डोक्याला नंतर. मैदानी मातीवर वाढलेला फुटबॉलपटू पहिल्यांदा कृत्रिम हिरवळीवर खेळतो तेव्हा त्याला हाच अनुभव येतो. नियमही निराळे होते. मातीत पाठ लागली की कुस्ती संपते, गादीवर गुणांचा हिशेब चालतो. अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी तिथे खाशाबांना मार्गदर्शन केले आणि थोड्याच दिवसांत त्यांनी गादीशी जमवून घेतले. ५२ किलोच्या गटात त्यांचा सहावा क्रमांक आला. गादीची सवय नसलेल्या बावीस वर्षांच्या मुलाने तेवढे करणे म्हणजे थोडे नव्हते. खाशाबा स्वतः मात्र समाधानी नव्हते. परत आल्यावर त्यांनी व्यायाम वाढवला आणि वजनी गटही वरचा, ५७ किलोचा धरला.

१९५२ च्या हेलसिंकीची वाट सोपी नव्हती. निवडीत डावलले जात असल्याचे दिसल्यावर त्यांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावून घेतली आणि ती जिंकून जागा मिळवली. मग पैशांचा प्रश्न आला. सरकारकडून मदत मिळेना. गोळेश्वर-कराडच्या लोकांनी जमेल तशी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. त्या काळचे सात हजार. खेळाडूच्या आहाराविषयी, सरावाविषयी आज पुष्कळ लिहिले जाते, पण पंचवीस-सव्वीस वर्षांच्या पैलवानाने ऐन तयारीच्या महिन्यांत खुराकाऐवजी तिकिटाची चिंता वाहायची, याचा हिशेब कोणत्याही तक्त्यात बसत नाही. झोप उडाली की स्नायूंची भरपाई मंदावते, एवढे तर कोणताही वैद्य सांगेल.

हेलसिंकीत त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या पैलवानांना हरवले. पुढे जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद मामेदबेयोव या दोघांकडून ते हरले. इशींना सुवर्ण मिळाले, मामेदबेयोव यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्य. तारीख होती २३ जुलै १९५२. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच हेलसिंकीत कोल्हापूरच्याच केशव मानगावे यांचा त्यांच्या वजनी गटात चौथा क्रमांक आला होता.

या दोन पराभवांची हकीकत महाराष्ट्रात अनेक वर्षे सांगितली जाते. इशींबरोबरची कुस्ती फार लांबली, पंधरा मिनिटे संपेपर्यंत दोघे झुंजत होते. ती संपते न संपते तोच खाशाबांना मामेदबेयोव यांच्यापुढे उभे राहायला सांगण्यात आले. नियमाने दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. पण तसे बजावून सांगायला भारताचा एकही पदाधिकारी तिथे हजर नव्हता, आणि एकट्या खेळाडूचे कोण ऐकणार?

अर्ध्या तासाने असा काय फरक पडला असता, असे कोणी विचारील. शरीराच्या दृष्टीने पुष्कळ पडला असता.

झटक्याच्या कामाला स्नायू जे इंधन वापरतो ते त्याच्या पेशीतच साठवलेले असते. पेशीतली तयार ऊर्जा दोन-तीन सेकंदांत संपते. तिची भरपाई करणारा क्रिएटिन फॉस्फेटचा साठा आणखी आठ-दहा सेकंद पुरतो. १०० मीटर पळणाऱ्याचा बहुतेक कारभार यावर चालतो, आणि पट काढणाऱ्याचाही. त्यानंतर साखर ऑक्सिजनशिवाय जाळून काम भागवले जाते; त्यात स्नायूमध्ये आम्लता वाढते, तंतूंची आखडण्याची क्रिया मंदावते आणि पाय शिशासारखे जड होतात. दीर्घ काळचे काम शेवटी ऑक्सिजनवरच चालते, पण तो मार्ग संथ आहे. याच हिल यांनी १९२० च्या दशकात पळणाऱ्या माणसांचा श्वास पिशव्यांत गोळा करून हा ताळेबंद मांडला होता. ते स्वतः हौशी धावपटू होते. काम करताना शरीर ऑक्सिजनची उसनवारी करते आणि थांबल्यावर धापा टाकत ती फेडते, अशी त्यांनी मांडणी केली. तपशील पुढे बरेच बदलले. स्नायूंवरच्या संशोधनासाठी त्यांना १९२२ चे नोबेल मिळाले होते.

ही भरपाई एका वेगाने होत नाही. क्रिएटिन फॉस्फेटचा साठा लवकर भरतो. एकाच झटापटीनंतर अर्ध्या-एक मिनिटात निम्मा, आणि चार-पाच मिनिटांत जवळजवळ पूर्ण. म्हणून फुटबॉलपटू एक जोरकस धाव घेऊन थोडा चालला की पुन्हा धावू शकतो. पण पंधरा मिनिटांच्या कुस्तीत झटापटी एकामागून एक येतात, मधे पुरेसा वेळ मिळत नाही, आणि आम्लता साचत जाते. आम्लता जास्त असली की हा साठा भरायलाही उशीर लागतो. रक्तात साचलेले लॅक्टेट निम्मे व्हायला पंधरा ते पंचवीस मिनिटे जातात. नुसते बसून राहण्यापेक्षा हलके चालत राहिले तर काम थोडे लवकर होते. लॅक्टेट हे विष असल्याचा जुना समज आता मागे पडला आहे. हृदय आणि स्नायू ते इंधन म्हणून वापरतात. तरी त्याची पातळी किती उतरली यावरून शरीर कुठवर सावरले याचा अंदाज येतो. श्वास आणि नाडी खाली यायला, घामाने गेलेले पाणी थोडे तरी भरून यायला तेवढाच वेळ लागतो. अर्ध्या तासाचा नियम करणाऱ्यांनी तो आकडा कशावरून काढला कोण जाणे, पण शरीराच्या घड्याळाशी तो बराच जुळतो. स्नायूतली साठवलेली साखर पूर्ण भरायला मात्र दिवसभर लागतो, तिला अर्धा तास काहीच नाही.

थकवा आल्यावर बळापेक्षा वेग आधी जातो, हे इथे लक्षात घ्यायला हवे. चपळ तंतू लवकर दमतात, संथ तंतू टिकून राहतात. त्यामुळे दमलेला पैलवान पाय रोवून उभा राहू शकतो, समोरच्याला अडवून धरू शकतो, पण आत शिरायची जी अर्ध्या सेकंदाची फट असते ती त्याच्या हातून निसटते. ढाक दिसतो, पाय वेळेवर पोचत नाही. ज्याची सारी मदार चपळाईवर, त्याचे नुकसान सर्वांत जास्त. पूर्ण विश्रांती मिळाली असती तर खाशाबा जिंकलेच असते असे म्हणता येणार नाही. मामेदबेयोव कसलेले पैलवान होते. पण त्या कुस्तीत मातीतून आलेला ताजातवाना खाशाबा आणि गादीवरचा मामेदबेयोव अशी जोड लागलीच नाही.

भरतीची तयारी करणाऱ्या मुलांची चूक वेगळी दिसते, पण मूळ तेच आहे. तीस सेकंद थांबून पुन्हा १०० मीटर, पुन्हा तीस सेकंद, असे दहा वेळा पळाले की वेगाचा सराव झाला असे त्यांना वाटते. तिसऱ्या धावेपासून ते दमाचाच सराव करत असतात, वेगाचा नाही. वेगासाठी पळायचे तर धावा थोड्या, आणि दोन धावांमध्ये तीन ते पाच मिनिटे. आळशीपणा वाटावा इतकी विश्रांती. मैदानावरच्या प्रशिक्षकाला हे पटवणे अवघड जाते, कारण घामाघूम झालेला मुलगा मेहनती दिसतो आणि थांबलेला मुलगा कामचुकार. बैठकांचेही तसेच. पंधरा-पंधरा दिवसांनी ओझे थोडे वाढवून कमी बैठका, आणि त्यांच्या जोडीला ताज्या पायांनी मारलेल्या मोजक्या उड्या, हे पाचशे बैठकांपेक्षा १०० मीटरला जास्त उपयोगी पडते. मांडीच्या मागच्या स्नायूंना कोणी विचारतच नाही. जोरात पळताना ताणला जाऊन फाटतो तो बहुधा तोच.

खाशाबा पदक घेऊन परतले तेव्हा कराड स्थानकावरून त्यांची मिरवणूक निघाली. शंभरावर बैलगाड्या तिच्यात होत्या. पाऊण तासाच्याही नाही अशा वाटेला कित्येक तास लागले. देशभर त्या वर्षी बोलबाला झाला तो हॉकी संघाच्या सुवर्णाचा. मिरवणूक आटोपल्यावर खाशाबांनी पहिले काम काय केले, तर कोल्हापुरात कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः त्यांत लढले, आणि जमलेल्या पैशांतून खर्डीकर सरांचे घर सोडवले.

१९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले. खात्याच्या स्पर्धांत ते जिंकत राहिले, इतरांना शिकवत राहिले. मेलबर्नचे ऑलिंपिक १९५६ च्या अखेरीस होते. हेलसिंकीच्या अनुभवानंतर, तिशीच्या उंबरठ्यावर, गादीशी आता पूर्ण परिचय झालेले खाशाबा तिथे काय करतील याची कुस्तीशौकिनांना उत्सुकता होती. पण त्याआधी गुडघा दुखावला आणि मेलबर्न हुकले.

गुडघा हा सरळ रेषेत वाकण्या-उघडण्यासाठी घडलेला सांधा आहे. मांडीचे आणि नडगीचे हाड एकमेकांवर टेकतात, मधे कुर्चेच्या दोन चकत्या असतात, आणि चार मुख्य अस्थिबंध सगळे बांधून ठेवतात. पाय जमिनीवर रोवलेला असताना वरचे शरीर फिरले की हा सांधा पिळला जातो. कुस्तीत हे प्रत्येक डावात घडते, फुटबॉलमध्ये प्रत्येक वळणावर. मांडीत जितकी शक्ती जास्त, तितका हा पीळही जास्त. बैठकांनी गुडघे झिजतात हा समज मात्र निरोगी गुडघ्याच्या बाबतीत खरा नाही. बेताबेताने वाढवलेल्या बैठका गुडघ्याला आधारच देतात. दुखऱ्या, सुजलेल्या किंवा मधेच अडकणाऱ्या गुडघ्यावर त्या रेटणे हे मात्र घातक, आणि तालमीत दुखणे अंगावर काढण्याला मर्दपणा समजण्याची रीत होती.

खाशाबांचा गुडघा दुखावला त्या काळी सांध्याच्या आत डोकावून पाहायची सोय आपल्याकडे नव्हती. क्ष-किरणात हाड दिसते, चकती आणि अस्थिबंध दिसत नाहीत. एमआरआय यायला अजून पंचवीस-तीस वर्षे होती. चकती फाटली असेल असे वाटले तर गुडघा उघडून ती काढून टाकत, आणि त्या पायाने पुन्हा वरच्या दर्जाचा खेळ होईलच याची हमी कोणी देत नसे. बारीक दुर्बिणीतून फाटलेल्या चकतीचा तेवढाच भाग कापून काढण्याची पहिली शस्त्रक्रिया टोकियोत मासाकी वातानाबे यांनी १९६२ मध्ये केली. आज जिल्ह्याच्या ठिकाणीही दुर्बिणीची शस्त्रक्रिया होते आणि फुटबॉलपटू नऊ-दहा महिन्यांत मैदानावर परततात. तिशीतल्या पैलवानाला १९५६ मध्ये यातले काहीच मिळण्यासारखे नव्हते.

त्यानंतर ऑलिंपिक नाही. नोकरी मात्र त्यांनी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे केली, आणि १९८३ मध्ये सहाय्यक पोलीस आयुक्त या पदावरून निवृत्त झाले. गोळेश्वरला त्यांनी घर बांधले होते, त्याचे नाव ऑलिंपिक निवास. निवृत्तीनंतर वर्षभरातच, १४ ऑगस्ट १९८४ रोजी, रस्त्यावरच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. वय ५८.

भारताला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले ते १९९६ मध्ये अटलांटाला, लिअँडर पेस यांच्या टेनिसमधून. म्हणजे ४४ वर्षांनी. खाशाबांना अर्जुन पुरस्कार त्याहून चार वर्षांनी, २००० मध्ये जाहीर झाला. दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धेसाठी बांधलेल्या कुस्तीच्या आखाड्याला २०१० मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. त्या आखाड्यात माती नाही, गादी आहे.